हाडांची बचत आणि पांढऱ्या गोळ्या

  रेडिओवरच्या आपल्या आरोग्याच्या गप्पांमध्ये हाडांच्या ठिसूळपणाचा विषय घेतला, तेव्हा एकच प्रश्न फिरून फिरून आला : "होमिओपॅथीच्या गोळ्यांनी हाडं भरून येतात का?" रेडिओवर वेळ थोडा असतो. म्हणून तेच बोलणं इथे जरा सविस्तर मांडतो. गटाच्या बैठकीत एकीने वाचावं आणि बाकीच्यांनी ऐकावं, असं लिहिलं आहे.

सुरुवात आमच्यातल्याच एका घरापासून करतो. आमच्या एका मैत्रिणीच्या सासूबाई, वय अडुसष्ट. तीन वर्षांपासून त्यांची पाठ आणि कंबर धरत होती. जवळच्या एका दवाखान्यातून त्यांना साबुदाण्यासारख्या पांढऱ्या गोळ्या मिळायच्या. दीड-दोन महिन्यांत पाठ बरीच हलकी झाली, म्हणून गोळ्या पुढेही चालू राहिल्या. बाटलीवर 'कॅल्केरिया' असं काहीसं नाव होतं. घरातल्या सगळ्यांची समजूत अशी, की आईंना कॅल्शियमचं औषध चालू आहे, म्हणजे हाडांची काळजी मिटली.

श्रावणातल्या एका पहाटे त्या धारा काढायला गोठ्यात निघाल्या. उंबऱ्यापाशी पाय सटकला. फार जोरात पडल्याही नाहीत, नुसत्या बाजूला बसल्यासारख्या झाल्या. पण उठता येईना. खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, सळई बसली. आता त्या वॉकर धरून दारापर्यंत येतात. गोठा मात्र सुटला तो सुटलाच.

ऑपरेशनच्या वेळी डॉक्टरांनी विचारलं, "याआधी कधी हाड मोडलं होतं का?" तेव्हा सगळ्यांना आठवलं, पाच वर्षांपूर्वी न्हाणीत घसरून त्यांचं मनगट मोडलं होतं. प्लास्टर घातलं, दीड महिन्याने काढलं आणि विषय संपला. एवढ्याशा पडण्याने हाड मोडलंच कसं, हे तेव्हा कोणी विचारलं नाही. आम्हीही नाही. तो न विचारलेला प्रश्न आज विचारायचा आहे.

हाड म्हणजे काही दगड नव्हे

आपल्याला वाटतं, हाड एकदा तयार झालं की संपलं. तसं नाही. हाड जिवंत असतं. जुनं हाड खरवडून काढणाऱ्या पेशी वेगळ्या आणि त्या जागी नवं हाड भरणाऱ्या पेशी वेगळ्या. घराची भिंत जागोजागी उकरून पुन्हा लिंपत राहावं, तसं हे काम जन्मभर चालू असतं.

बचत गटाच्या हिशोबाने सांगायचं, तर लहानपणापासून साधारण तिशीपर्यंत हाडांच्या खात्यात जमा जास्त आणि खर्च कमी असतो. त्यानंतर काही वर्षं जमा-खर्च बरोबरीचा राहतो. मग हळूहळू खर्च वाढायला लागतो. बाईच्या शरीरात इस्ट्रोजेन नावाचं संप्रेरक असतं. ते हाड खरवडणाऱ्या पेशींना आवरून धरतं. पाळी गेली की इस्ट्रोजेन घटतं, तो लगाम सुटतो आणि खर्च एकदम वाढतो. पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या पाच-सात वर्षांत काही बायकांच्या हाडांची घनता २० टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकते.

हाड आतून पोकळ होत जातं. बाहेरून आकार तोच, पण आतली जाळी विरळ होते. वाळवी लागलेल्या वाशासारखं. याला डॉक्टर ऑस्टिओपोरोसिस म्हणतात आणि आपण म्हणतो हाडं ठिसूळ होणं.

यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट अशी, की हाड ठिसूळ होताना दुखत नाही. दुखतं ते मोडल्यावर. गुडघे दुखले, पायऱ्या चढताना कुरकुर झाली, की आपण म्हणतो "हाडं झिजली". ती झीज सांध्यातल्या कूर्चेची असते आणि तो संधिवाताचा प्रकार आहे. ठिसूळपणा हा आजारच वेगळा. गुडघे ठणठणीत असलेल्या बाईची हाडं ठिसूळ असू शकतात. आणि गुडघेदुखीचं औषध चालू आहे, म्हणून हाडांचा ठिसूळपणा आवरला जातो असंही नाही.

जगभरचा अंदाज असा आहे, की पन्नाशीनंतर दर तीन बायकांपैकी एकीचं आणि दर पाच पुरुषांपैकी एकाचं हाड ठिसूळपणामुळे मोडतं. मनगट, पाठीचे मणके आणि खुबा या तीन मुख्य जागा. खुबा मोडलेल्या म्हाताऱ्या माणसांपैकी साधारण पाचात एक जण वर्षभरात दगावतो. अंथरुणाला खिळल्यामुळे न्यूमोनिया होतो, पाठीला जखमा होतात, पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होते. म्हणून खुबा मोडणं म्हणजे 'वयामुळे होतंच' असं म्हणून सोडून द्यायची गोष्ट नाही.

आपल्याकडे धोका कुणाला जास्त

पाळी लवकर गेलेल्या बायकांना पहिला धोका. आपल्या देशात पाळी जाण्याचं सरासरी वय सेहेचाळीसच्या आसपास आहे. पाश्चात्त्य देशांत ते पन्नाशीच्या पुढे असतं. म्हणजे आपल्या हाडांचा खर्च चार-पाच वर्षं आधीच सुरू होतो.

त्यातही एक गोष्ट आपल्या दाराशीच आहे. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, बिजवडी, शहाजीनगर ही कारखान्यांची गावं. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या येतात आणि त्यांच्या कोप्या आपल्या शेताच्या बांधाला पडतात. त्यातल्या बऱ्याच बायका बीड भागातल्या. त्यांच्यात कमी वयात गर्भपिशवी काढण्याचं प्रमाण फार आहे, अशी ओरड झाल्यावर २०१९ साली सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. दर सहा जणींत एक.

गर्भपिशवीबरोबर दोन्ही अंडाशयं काढली, तर इस्ट्रोजेन त्याच दिवशी बंद पडतं. मग ती बाई पस्तिशीची असो की चाळिशीची. अंडाशयं ठेवली, तरी ती काही जणींत लवकर थकतात. अशा बाईच्या हाडांचा खर्च दहा-पंधरा वर्षं आधी सुरू होतो, आणि डोक्यावर उसाची मोळी मात्र तशीच असते. हे फक्त ऊसतोडीच्या बायकांचं नाही. आपल्या गटातही पिशवी काढलेल्या कितीतरी जणी आहेत. त्यांनी आपला ऑपरेशनचा कागद शोधून अंडाशयं ठेवली की काढली, हे जरूर पाहावं. कागद सापडला नाही, तर डॉक्टरांना विचारावं.

बाकीचे धोके असे : आईचा किंवा वडिलांचा खुबा मोडलेला असणं, अंगाने फारच किरकोळ असणं, थायरॉइडचा आजार, फिट्सची काही औषधं आणि महिनोन्‌महिने घेतलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या. दारू आणि तंबाखूही यात आली. तंबाखू म्हटलं की आपण पुरुषांकडे बघतो. पण सकाळी उठल्याबरोबर मिश्री लावणाऱ्या आपल्यात किती जणी आहेत? मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. हाडांना तिचाही त्रास आहे.

आणि शेवटचा धोका आपल्या ताटातला. दावणीला चार गाई, सकाळ-संध्याकाळ धारा आपणच काढायच्या, किटली डेअरीत जाते आणि घरात उरतं ते चहापुरतं. दहा दिवसांनी दुधाचा पगार होतो, त्यातून पेंडीचे पैसे कापले जातात. जे थोडं दूध घरी ठेवतो, ते पोरांना आणि मालकांना. इतक्या दुधात हात घालणाऱ्या बाईच्या पोटात दिवसाला पाव कपही दूध जात नाही.

होमिओपॅथी या आजाराकडे कशी पाहते

आता मूळ प्रश्न. होमिओपॅथी ही जर्मनीतल्या सॅम्युएल हानेमान या डॉक्टरांनी सुरू केलेली पद्धत. त्यांनी १७९६ मध्ये आपला विचार मांडला आणि १८१० मध्ये त्यावरचा मुख्य ग्रंथ काढला. विचार असा, की जो पदार्थ निरोगी माणसात एखादी लक्षणं उत्पन्न करतो, तोच अगदी सूक्ष्म प्रमाणात दिला तर तशाच लक्षणांचा आजार बरा करतो. या पद्धतीत औषध आजाराच्या नावावर दिलं जात नाही, माणसाच्या ठेवणीवर दिलं जातं. म्हणून डॉक्टर बराच वेळ विचारपूस करतात. थंडी सोसते का, घाम कुठे येतो, झोप कशी लागते, राग येतो की रडू येतं.

हाडांच्या तक्रारीत त्यांची ठरावीक औषधं आहेत. अंगाने स्थूल, डोक्याला घाम येणाऱ्या, थंडी न सोसणाऱ्या बाईला कॅल्केरिया कार्ब. हे कालवाच्या शिंपल्यापासून करतात. किरकोळ अंगाच्या बाईला कॅल्केरिया फॉस. हाड मोडल्यावर सिम्फायटम नावाच्या वनस्पतीचं औषध. शिवाय सिलिशिया, रूटा, ऱ्हस टॉक्स अशी नावं तुम्ही बाटल्यांवर वाचली असतील.

आता हे औषध बनतं कसं ते पाहू. मूळ अर्काचा एक थेंब घ्यायचा, तो ९९ थेंब स्पिरिटमध्ये टाकायचा आणि हलवायचा. ही पहिली पायरी. त्यातला एक थेंब पुन्हा ९९ थेंबांत. ही दुसरी पायरी. असं तीस वेळा केलं की ३० नंबरचं औषध तयार होतं आणि दोनशे वेळा केलं की २०० नंबरचं. मग ते साखरेच्या गोळ्यांवर टाकतात.

आपल्या उजनीचा हिशोब करून पाहू. धरण पूर्ण भरलं की ११७ टीएमसी पाणी. त्या सगळ्या पाण्यात अर्काचा एक थेंब टाकून ढवळला, तर ते पाणी किती पातळ झालं? साधारण आठव्या पायरीइतकं. बाराव्या पायरीच्या पुढे मूळ पदार्थाचा एखादा कणही गोळीत सापडणं कठीण. तिसावी पायरी तर फारच लांब राहिली.

बाराक्षार म्हणून ज्या चपट्या गोळ्या मिळतात, त्या एवढ्या पातळ नसतात. पण त्यांचाही हिशोब करू. ६ एक्स म्हणजे दहा लाखांत एक भाग. गोळी १०० मिलिग्रॅमची धरली, तर त्यात मूळ क्षार ०.०००१ मिलिग्रॅम. बाईला दिवसाला कॅल्शियम लागतं १००० मिलिग्रॅम. तो क्षार सगळाच्या सगळा कॅल्शियम आहे असं धरलं, तरी एका दिवसाची गरज भागवायला एक कोटी गोळ्या लागतील.

म्हणून मैत्रिणींनो, आजच्या बोलण्यातलं हे एक वाक्य जरी लक्षात राहिलं तरी पुरे : कॅल्केरियाच्या गोळ्या म्हणजे कॅल्शियमच्या गोळ्या नव्हेत. होमिओपॅथीचे डॉक्टरही तसं म्हणत नाहीत. ती समजूत आपण नावावरून करून घेतो.

मग गुण येतो तो कसा

"पण मला गुण आला," असं सांगणाऱ्या काकी खोटं बोलत नाहीत. दुखणं खरंच कमी झालेलं असतं. त्याची कारणं आहेत. ठिसूळ हाडांत मणका दबला की पाठ अचानक जोरात धरते. बादली उचलताना, खोकताना किंवा एसटीत दणका बसल्यावरही असं होतं. ते दुखणं बहुतेक वेळा सहा ते बारा आठवड्यांत आपोआप उतरतं, कारण दबलेला मणका त्याच दबल्या आकारात जुळतो. त्या काळात आपण गोळ्या घेत असलो, तर श्रेय गोळ्यांना जातं. शिवाय कोणीतरी अर्धा तास आपलं ऐकून घेतं, मायेने विचारतं, याचाही दुखण्यावर परिणाम होतो. ज्या बाईचं घरात कोणी ऐकत नाही, तिला त्याची किंमत विचारा.

पण दुखणं कमी होणं आणि हाड भरून येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सासूबाईंच्या बाबतीत नेमकं हेच झालं. पाठ हलकी झाली, म्हणून सगळं ठीक आहे असं वाटलं आणि आत हाड विरळ होतच राहिलं. होमिओपॅथीच्या औषधाने हाडांची घनता वाढते किंवा मोडणं टळतं, असं भरवशाने दाखवणारा पुरावा नाही. ऑस्ट्रेलियाच्या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१५ मध्ये होमिओपॅथीवरचे उपलब्ध अभ्यास तपासले. ही पद्धत नक्की उपयोगी पडते असं कोणत्याही आजाराबाबत म्हणता येत नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने २०१७ मध्ये ही औषधं लिहून देणं थांबवायला सांगितलं. आपल्या देशात ही पद्धत कायद्याने मान्य आहे, तिची कॉलेजं आहेत, पदवी आहे. पण पद्धत मान्य असणं आणि एखाद्या आजारावर तिचा गुण सिद्ध होणं, ही एकच गोष्ट नव्हे.

हे सांगताना आम्हाला कोणाचा अपमान करायचा नाही. गावात रात्री-अपरात्री दार उघडणारा डॉक्टर पुष्कळदा होमिओपॅथीची पदवी घेतलेलाच असतो. शरीररचना तो शिकलेला असतो, धोक्याच्या खुणा ओळखू शकतो, वेळेवर पुढे पाठवू शकतो. त्याच्याकडे जाऊ नका असं आम्ही म्हणत नाही. पण जाल तेव्हा सरळ विचारा : "डॉक्टर, माझी हाडं ठिसूळ आहेत का, हे बघायला तपासणी करू का? कुठे करू?" चांगला डॉक्टर या प्रश्नावर रागावणार नाही. गोड गोळ्या मनाच्या समाधानासाठी घ्यायच्या तर घ्या, पण त्यांच्या भरवशावर तपासणी पुढे ढकलू नका आणि चालू असलेलं हाडांचं औषध बंद करू नका.

आणखी एक इशारा. कागदात बांधलेल्या, नाव-गाव नसलेल्या पुड्या कोणीही दिल्या, तरी घेऊ नका. दोन दिवसांत सांधे मोकळे करणाऱ्या अशा पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं सापडल्याची उदाहरणं आहेत. स्टेरॉइडने दुखणं झटकन थांबतं आणि त्याच स्टेरॉइडने हाडं आणखी ठिसूळ होतात. मात्र अशा पुड्या महिनोन्‌महिने घेतल्या असतील, तर एकदम बंदही करू नका. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा आणि खरं काय ते सांगा.

तपासणी आणि औषध

हाडांची घनता मोजायची खरी तपासणी म्हणजे डेक्सा. पाठीवर झोपायचं, यंत्र वरून फिरतं. दुखत नाही, सुई नाही, एक्स-रेपेक्षाही किरण कमी. अहवालात 'टी-स्कोअर' असा आकडा येतो. उणे १ किंवा त्याहून वर असेल तर हाड चांगलं. उणे १ ते उणे २.५ यांच्या मध्ये असेल तर हाड विरळ होऊ लागलं आहे. उणे २.५ किंवा त्याहून खाली गेला तर हाड ठिसूळ. गावात फुकटच्या शिबिरात पायाच्या टाचेला यंत्र लावून जे बघतात, ती फक्त चाळणी. त्यावरून औषध सुरू करू नये आणि निर्धास्तही होऊ नये.

पासष्टीच्या पुढच्या सगळ्या बायकांनी ही तपासणी करावी. पाळी लवकर गेली असेल, पिशवी किंवा अंडाशयं काढली असतील किंवा पन्नाशीनंतर किरकोळ पडण्याने हाड मोडलं असेल, तर त्याआधीच करावी. बारामतीला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या किंवा इंदापूरच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना दाखवून डेक्सा जवळ कुठे होते ते विचारा. पुण्याला ससूनमध्येही दाखवता येईल. आशाताईंना बरोबर घेतलं तर चकरा कमी पडतात.

ठिसूळपणावर औषधं आहेत, आणि त्यांनी मोडण्याचा धोका खरोखर कमी होतो हे मोठ्या अभ्यासांत दिसलेलं आहे. आठवड्यातून एकदा घ्यायची अलेंड्रोनेटची गोळी जुनी आणि स्वस्त. ती सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची. चहाबरोबर नाही, दुधाबरोबर नाही. घेतल्यावर अर्धा तास आडवं व्हायचं नाही आणि काही खायचंही नाही, नाहीतर अन्ननलिकेला जखम होते. गोळी सोसत नसेल तर वर्षातून एकदा सलाइनमधून देण्याचं झोलेड्रॉनिक ॲसिड आहे, सहा महिन्यांनी घ्यायचं डेनोसुमॅबचं इंजेक्शन आहे. डेनोसुमॅब मनाने मध्येच सोडलं तर मणके मोडण्याचा धोका वाढतो, म्हणून तारीख चुकवू नये. कुठलं औषध कुणाला, हे डॉक्टर ठरवतील. मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा दात काढायचा असेल, तर तो आधी सांगावा.

ताटात काय, अंगणात काय

औषध कुठलंही घ्या, घनता वाढवायला माल लागतोच. तो माल म्हणजे कॅल्शियम, प्रथिनं आणि ड जीवनसत्त्व. कॅल्शियम दिवसाला १००० मिलिग्रॅम आणि पाळी गेल्यावर १२०० मिलिग्रॅम. ज्वारी-बाजरीची भाकरी चांगलीच आहे, पण तिच्यात कॅल्शियम फारसं नाही. मग हिशोब असा बसवा :

पेलाभर दूध, दही किंवा घट्ट ताक : सुमारे ३०० मिलिग्रॅम.
नाचणीची एक भाकरी, ५० ग्रॅम पिठाची : सुमारे १८०.
तिळाची चटणी, दोन मोठे चमचे तिळांची : २०० च्या आसपास.
शेवग्याच्या पाल्याची भाजी, ५० ग्रॅम पाला : सुमारे १५०.
हुलग्याचे शेंगोळे, ५० ग्रॅम पिठाचे : सुमारे १३०.

बेरीज साडेनऊशेच्या पुढे जाते. यातला शेवगा बांधावरचा, हुलगे जिरायतीतले, तीळ घरातला. विकत आणायची ती फक्त नाचणी. पालकातलं कॅल्शियम अंगी कमी लागतं, त्यापेक्षा शेवगा आणि मेथी बरी. भिगवणकडच्या आणि उजनीकाठच्या मैत्रिणींनी बारके मासे काट्यासकट खावेत, काट्यातच कॅल्शियम असतं. डाळी, मटकी, अंडी यांतून प्रथिनं मिळतात. ताटातून भागत नसेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने कॅल्शियमची खरी गोळी घ्यावी. ती जेवणाबरोबर घ्यावी. अलेंड्रोनेटबरोबर नाही.

ड जीवनसत्त्व उन्हातून मिळतं. "आम्ही दिवसभर उन्हातच असतो की," असं तुम्ही म्हणाल. पण डोक्यावर पदर, वरून टॉवेल, अंगात मालकांचा पूर्ण बाह्यांचा शर्ट. ऊन कातडीला लागतच नाही. सकाळी अकरा ते दुपारी तीनच्या दरम्यान वीसेक मिनिटं हात आणि पाय उघडे ठेवून बसा. उन्हाळ्यात डोकं झाका आणि वेळ कमी करा.

व्यायामाबद्दल दोन गोष्टी. चालणं, चढणं, अंगावर भार पेलणं याने हाड मजबूत होतं. पण हाड ठिसूळ आहे असं एकदा ठरल्यावर कमरेत वाकून हंडा, पाटी, पेंडीचं पोतं उचलणं बंद. गुडघ्यात वाकायचं, वजन अंगाजवळ धरायचं, आणि जड असेल तर दुसऱ्याला हाक मारायची. ओझं न उचलणं म्हणजे आळस नव्हे, हे घरातल्या सगळ्यांना सांगायचं काम सुनांनी करावं. सासूने स्वतःसाठी सांगितलं तर कोणी ऐकत नाही.

आणि पडू नये म्हणून : न्हाणीतलं शेवाळ घासून काढा, तिथे धरायला पाइप ठोका. गोठ्याच्या वाटेवर दिवा लावा. उशाशी बॅटरी ठेवा, कारण आपल्याकडे वीज सांगून जात नाही. झिजलेली चप्पल टाकून द्या. मोतीबिंदू असेल तर ऑपरेशन लांबवू नका, न दिसल्यामुळेच कितीतरी जणी पडतात.

पुढच्या बैठकीत हे करा

गटाच्या पुढच्या बैठकीला शिवणाची टेप घेऊन या. चाळिशीच्या पुढच्या प्रत्येकीला भिंतीला टाच लावून उभं करा, उंची मोजा आणि गटाच्या वहीत मागच्या पानावर लिहा. दर वर्षी त्याच महिन्यात पुन्हा मोजा. तरुणपणच्या उंचीपेक्षा दीड इंचाहून जास्त फरक पडला असेल, पाठीला बाक आला असेल, नेहमीची साडी नेसताना आता पायात येत असेल, तर मणका दबलेला असू शकतो.

मग प्रत्येकीला तीन प्रश्न विचारा. पन्नाशीनंतर साध्या पडण्याने हाड मोडलं का? पाळी पंचेचाळीसच्या आधी गेली का, किंवा पिशवी काढली का? आई-वडिलांपैकी कोणाचा खुबा मोडला होता का? एकाचं जरी उत्तर "हो" आलं, तरी तिचं नाव वहीत लिहा आणि तिला तपासणीला न्यायची जबाबदारी दुसऱ्या एकीवर सोपवा. एकटी गेली तर ती जाणार नाही, हे आपल्याला माहीत आहे.

आमच्या मैत्रिणीने घरी गेल्यावर पहिलं काम केलं ते हे : दूध डेअरीला घालायच्या आधी दोन पेले बाजूला काढायचे, एक सासूबाईंचा आणि एक स्वतःचा. महिन्याच्या दुधाच्या पगारात थोडा फरक पडतो. सुरुवातीला घरात कुरकुर झाली. तिने ऑपरेशनचं बिल काढून दाखवलं, आणि कुरकुर थांबली.

तुमच्या गटात काय निघालं, ते आम्हाला जरूर कळवा. नमस्कार.